लंडनचे पहिले तीन दिवस

मराठीत प्रवासवर्णनांना तोटा नाही आणि प्रवासवर्णनांत लंडनला तोटा नाही. पंडिता रमाबाई १८८३ साली विलायतेला गेल्या व त्यांचा ‘इंग्लंडचा प्रवास’ त्याच वर्षी मराठीत छापला गेला. पु. ल. देशपांडे यांचे ‘अपूर्वाई’ १९६० साली पुस्तकरूपाने आले आणि आजही ते वाचनालयाच्या कपाटात फार दिवस स्वस्थ बसत नाही. आता तर सहली नेणाऱ्या कंपन्या निघाल्या आहेत आणि आठ दिवसांत चार देश दाखवून माणसाला घरी आणून सोडतात. त्या सहलींत लंडनच्या वाट्याला बहुधा दोन किंवा तीन दिवस येतात.

हे तीन दिवस कसे जातात, त्यांत काय दिसते आणि काय दिसायचे राहून जाते, हे प्रस्तुत लेखात सांगण्याचा विचार आहे. मी स्वतः लंडन पाहिलेले नाही. पुस्तके वाचून, नकाशा समोर ठेवून आणि आपल्या माणसांच्या चरित्रांतून त्या शहराचे जे धागे हाती लागले ते जुळवून मी हे लिहीत आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या चोरखमाऱ्याच्या मुलीने लंडनवर का लिहावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर लेखाच्या ओघात येईलच. थोडक्यात सांगायचे तर लंडन हे जगाच्या दृष्टीने प्रेक्षणीय शहर असेल, पण आपल्या दृष्टीने ते एक दप्तर आहे. आपल्या मुलुखाचे कागद तेथे आहेत, आपल्या मुलुखाचे निकाल तेथे लागले आहेत. दप्तर पाहायला जाणारा माणूस आणि देखावा पाहायला जाणारा माणूस यांची पाहण्याची रीत वेगळी असते.

पर्यटक कसा पाहतो, हे आमच्या गावाला चांगले ठाऊक आहे. नागझिरा हे १९७० साली अभयारण्य झाले आणि २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. त्या जंगलात शिरण्याचे एक फाटक आमच्या चोरखमाऱ्याला आहे. मोठ्या शहरांतून पाहुणे येतात, जिप्सीत बसतात आणि बसल्याबरोबर विचारतात, “वाघ दिसेल ना?” फाटकावर गाईडचे काम करणारा माझा मामेभाऊ म्हणतो, की पाहुणा पहिल्या फेरीत वाघ शोधतो, दुसऱ्या फेरीत त्याला जंगल दिसू लागते. पण बहुतेकांची दुसरी फेरी होतच नाही. व्यंकटेश माडगूळकर येथे येऊन राहिले, म्हणून त्यांच्या हातून ‘नागझिरा’ हे पुस्तक झाले. लंडनचेही असेच आहे. तेथील ‘वाघ’ म्हणजे घड्याळाचा मनोरा, राजवाडा आणि कोहिनूर. तीन दिवसांत दुसरी फेरी करता यायची नाही, म्हणून पहिल्याच फेरीत जंगलाकडे लक्ष कसे द्यावे, एवढाच प्रश्न उरतो.

पहिला दिवस : उजेड, नकाशा आणि राजसत्ता

पहिल्या दिवशी प्रवाशाचे शरीरच त्याच्याशी भांडते. आपली वेळ ग्रीनिचच्या वेळेपेक्षा साडेपाच तास पुढे आहे. उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये घड्याळ एक तास पुढे करतात, तेव्हा हे अंतर साडेचार तासांचे होते. त्यामुळे तेथे पहाटेचे दोन वाजलेले असतात आणि आपल्या पाहुण्याला टक्क जाग येते, कारण घरी सकाळ उजाडलेली असते. दुसरा धक्का उजेडाचा. आपण विषुववृत्ताच्या उत्तरेला सुमारे एकवीस अंशांवर राहतो, लंडन साडेएक्कावन्न अंशांवर आहे. सूर्याच्या वाटेला पृथ्वीचा आस कललेला असल्याने जितके उत्तरेला जावे तितका उन्हाळ्याचा दिवस मोठा आणि हिवाळ्याचा दिवस लहान होत जातो. जूनमध्ये लंडनला रात्री सव्वानऊनंतर सूर्य मावळतो. डिसेंबरात दुपारी चार वाजण्यापूर्वीच दिवे लावावे लागतात. भूगोलाच्या तासाला आपण हे पाठ केलेले असते, पण अंगावर येते तेव्हाच ते समजते, असे सर्व प्रवासी सांगतात.

मग येते भुयारी रेल्वे. जगातील पहिली भुयारी रेल्वे लंडनमध्ये १० जानेवारी १८६३ रोजी पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन या मार्गावर सुरू झाली. तिला वाफेची इंजिने जोडलेली होती. त्या वेळी नागपूरला जमिनीवरची आगगाडीसुद्धा आलेली नव्हती. ती १८६७ मध्ये आली. या भुयारी रेल्वेचा नकाशा ही नवख्या माणसाने समजून घेण्याची पहिली गोष्ट. हॅरी बेक नावाच्या एका नकाशे काढणाऱ्याने तो तयार केला आणि १९३३ मध्ये तो लोकांच्या हाती आला. त्यात रेषा सरळ, आडव्या, उभ्या किंवा तिरप्या आहेत, स्थानके सारख्या अंतरावर आहेत. खऱ्या अंतराशी त्यांचा संबंध नाही. भुयारातल्या माणसाला कोठे चढायचे, कोठे बदलायचे आणि कोठे उतरायचे एवढेच हवे असते, हे बेकने ओळखले. म्हणून नवखा प्रवासी लेस्टर स्क्वेअरहून कॉव्हेंट गार्डनला तिकीट देऊन जातो, आणि ही दोन स्थानके तर पाव किलोमीटरच्या आसपास अंतरावर आहेत. आपल्या गावात गुजरीपासून देवळापर्यंत जाण्यासाठी कोणी एस.टी. धरावी तशी ही गत. नकाशा खरा असूनही अंतराबाबत फसवू शकतो, ही गोष्ट पुढेही उपयोगी पडेल.

आता पोटाचा प्रश्न. आजच्या प्रवाशाला लंडनमध्ये डाळभातापासून डोशापर्यंत सारे मिळते. पण १७८१ साली रघुनाथराव पेशव्यांनी आपले वकील म्हणून हणमंतराव नावाच्या ब्राह्मणाला आणि त्याच्याबरोबर एका पारशी गृहस्थाला लंडनला धाडले तेव्हा काय झाले असेल? त्यांचे राजकारण कोणी मनावर घेतले नाही, आणि सोवळेओवळे सांभाळून जेवावे कोठे हीही पंचाईत. एडमंड बर्क या विख्यात पार्लमेंट-सभासदाला त्यांची कणव आली. त्याने त्यांना बीकन्सफील्ड येथील आपल्या घरी नेले आणि बागेतील काचघर त्यांच्या स्वयंपाकपाण्यासाठी मोकळे करून दिले. परदेशात पहिल्या दिवसांत जो आपल्या चुलीची सोय पाहतो, तोच खरा यजमान. बर्क पुढे हिंदुस्थानातील कंपनीच्या कारभारावर तुटून पडला. त्यामागे त्याचा मोठा अभ्यास होता, पण हिंदी माणूस त्याने कागदावरच पाहिला नव्हता, आपल्या काचघरात भात शिजवतानाही पाहिला होता, हे विसरू नये.

पहिल्या दिवशी सर्वजण वेस्टमिन्स्टरला जातात. थेम्सच्या काठावरील पार्लमेंटची आजची इमारत फार जुनी नाही. १८३४ च्या आगीत जुनी जळाल्यावर ती उभी राहिली. बिग बेन हे मनोऱ्याचे नाव अशी आपली समजूत असते, परंतु ते आतल्या मोठ्या घंटेचे नाव होय. मनोऱ्याला २०१२ पासून एलिझाबेथ टॉवर म्हणतात. समोरच्या चौकात पुतळे आहेत. त्यांत चर्चिल आहे आणि २०१५ च्या मार्चपासून महात्मा गांधीही आहेत. ज्याने गांधींना आयुष्यभर पाण्यात पाहिले त्याच्याच शेजारी गांधी उभे आहेत, हे पाहून आपला प्रवासी छायाचित्र घेतो व पुढे जातो. जवळच वेस्टमिन्स्टर अ‍ॅबी आहे. तेथे इंग्लंडच्या राजांना राज्याभिषेक होतो.

१९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी कोल्हापूरचे शाहू छत्रपती लंडनला गेले होते. राजा आजारी पडला, शस्त्रक्रिया करावी लागली आणि २६ जूनचा समारंभ ९ ऑगस्टला गेला. जगभरचे राजेमहाराजे तेव्हा लंडनचे पाहुणे होते. मेजवान्या, मिरवणुका, दिव्यांची रोषणाई, पाहण्यासारखे काय कमी होते? पण शाहू महाराज विलायतेत असतानाच २६ जुलै १९०२ रोजी करवीर गॅझेटमध्ये एक हुकूम प्रसिद्ध झाला : संस्थानातील नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवाव्यात. राज्याभिषेकाचा थाट आज इतिहासाच्या पुस्तकात दोन ओळींचा धनी आहे. त्या हुकुमाचे फळ मात्र आपल्या या महाविद्यालयाच्या हजेरीपटावर रोज दिसते. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिली, म्हणून हे मला अधिक जाणवते.

वेस्टमिन्स्टरहून व्हाइटहॉलच्या रस्त्याने पायी गेले की ट्रफाल्गर चौक लागतो. मधे नेल्सनचा उंच स्तंभ आहे, सगळे त्याच्याकडे मान वर करून पाहतात. त्याच चौकाच्या एका कोपऱ्यावर जनरल हॅवलॉकचा पुतळा १८६१ पासून उभा आहे. नानासाहेब पेशव्यांच्या हातून कानपूर परत घेणारा सेनापती तो हाच. आपल्या १८५७ ची ही दुसरी बाजू भर चौकात उभी असते. नाव वाचणाऱ्याला ती कळते, न वाचणाऱ्याला तो नुसता ब्राँझचा साहेब वाटतो.

दुसरा दिवस : कोहिनूर, वाघ आणि अर्ज

दुसऱ्या दिवशी टॉवर ऑफ लंडन. अकराव्या शतकात विल्यम राजाने बांधायला घेतलेला हा किल्ला राजवाडा होता, तुरुंग होता, आणि आता राजघराण्याचे जडजवाहीर तेथे ठेवलेले आहे. कोहिनूर पाहायला आपली माणसे येथे येतात. १८४९ मध्ये पंजाब खालसा झाला तेव्हा दुलीपसिंग या लहानग्या महाराजाकडून तो करारान्वये घेण्यात आला. त्या वेळी महाराज दहा-अकरा वर्षांचा होता. एवढ्या वयाच्या मुलाची सही कोणत्या कागदावर चालते, हा प्रश्न तेथे उभे राहून मनात यायला हवा. हिरा पूर्वी सुमारे १८६ कॅरटचा होता, १८५२ मध्ये तो पुन्हा घासला तेव्हा १०५.६ कॅरटचा झाला. मुकुटांच्या काचेपुढून सरकत्या पट्ट्यावर उभे राहून पुढे जावे लागते. मनात प्रश्न येण्यापूर्वी पट्टा माणसाला पुढे नेऊन सोडतो.

टॉवरपासून चालत जाण्याच्या अंतरावर लेडनहॉल स्ट्रीट आहे. सहलीच्या यादीत या रस्त्याचे नाव नसते. तेथे लॉइड्स या विमा-बाजाराची पोलादी नळ्यांची इमारत आहे, ती १९८६ साली उघडली. नेमक्या त्याच जागी पूर्वी ईस्ट इंडिया हाऊस होते. ईस्ट इंडिया कंपनीची ही मुख्य कचेरी १८६१ मध्ये पाडण्यात आली. आज पाहण्यासारखे तेथे काही उरलेले नाही. पण माझ्या मते लंडनमध्ये मराठी माणसाने सर्वांत आधी जेथे थांबावे अशी जागा हीच होय.

साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांना कंपनीने १८३९ मध्ये गादीवरून काढले व काशीला पाठवले. त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते हे त्यांचे वकील लंडनला गेले आणि जवळजवळ चौदा वर्षे तेथे राहिले. सुएझचा कालवा अद्याप व्हायचा होता, प्रवास महिनोन्‌महिने चाले. रंगो बापूजी तेथे इंग्रजी शिकले. त्यांनी अर्ज लिहिले, निवेदने दिली, पत्रके छापून वाटली, कंपनीच्या भागधारकांच्या सभेत दाद मागितली. मधेच १८४७ मध्ये प्रतापसिंह काशीस वारले. १८४८ मध्ये सातारचे राज्यच खालसा झाले. तरी हा माणूस लगेच परतला नाही. १८५३ मध्ये तो रिकाम्या हातांनी निघाला. प्रबोधनकार ठाकरे यांनी या साऱ्या प्रकरणावर मराठीत तळमळीने लिहिले आहे. ते प्रत्येकाने वाचावे.

रंगो बापूजींचे लंडनमधील पहिले दिवस कसे गेले असतील याचा मी जेव्हा विचार करते, तेव्हा मला मनोरे आणि राजवाडे आठवत नाहीत. मला फेरफाराची नक्कल काढण्यासाठी तालुक्याला गेलेला शेतकरी आठवतो. हातात पिशवी, पिशवीत जुने कागद. कोणत्या खिडकीपाशी उभे राहावे ते ठाऊक नाही. कोणत्या भाषेत बोलले म्हणजे साहेब ऐकेल ते कळत नाही. आज साहेब नाहीत, उद्या या. हा ‘उद्या’ लेडनहॉल स्ट्रीटवर चौदा वर्षांचा झाला. फरक इतकाच, की येथे एका शेताचा फेरफार नव्हता, एका राज्याचा होता. आणि हा केवळ साताऱ्याचा प्रश्न, असे आपण झाडीपट्टीच्या लोकांनी समजू नये. १८५३ च्या डिसेंबरात नागपूरचे तिसरे रघुजी भोसले औरस पुत्र नसताना वारले, आणि त्याच धोरणाने नागपूरचे राज्यही खालसा झाले. आपला भंडारा-गोंदियाचा मुलूख भोसल्यांच्या त्या राज्यातला. आमच्या तलावांच्या आणि धानाच्या बांध्यांच्या सरकारदरबारी नोंदी पुढे ज्या राज्यव्यवस्थेने केल्या, तिची वरची कचेरी लंडनलाच होती.

या ईस्ट इंडिया हाऊसमध्ये एक लाकडी वाघ होता. टिपू सुलतानाने तो करवून घेतला होता. वाघ एका गोऱ्या माणसाच्या उरावर बसलेला आहे, आत वाद्य बसवलेले असून दांडा फिरवला की गुरगुरणे आणि कण्हणे ऐकू येते. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर तो लुटीत लंडनला गेला व १८०८ पासून कंपनीच्या इमारतीत लोकांना पाहण्यासाठी ठेवला गेला. आता तो साऊथ केन्सिंग्टनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. टॉवरजवळून भुयारी रेल्वेने तेथे थेट जाता येते आणि संग्रहालयाला प्रवेशशुल्क नाही. रंगो बापूजी कंपनीच्या दारी खेटे घालत होते त्या काळात हा वाघ त्याच इमारतीत होता. शत्रूने करवून घेतलेली शत्रूची निंदासुद्धा जपून ठेवणारे आणि मांडून दाखवणारे हे लोक. विजयाचा हा एक प्रकारच आहे, हे आपण त्या वाघापुढे उभे राहून ओळखले पाहिजे.

याच संग्रहालयातील वाघनखे महाराष्ट्राला तीन वर्षांसाठी देण्याचा करार ऑक्टोबर २०२३ मध्ये झाला व जुलै २०२४ मध्ये ती साताऱ्याच्या संग्रहालयात लोकांना पाहता आली. सातारा दरबारी रेसिडेंट असलेल्या जेम्स ग्रँट डफच्या घराण्याकडून ती तेथे गेली. अफझलखानाच्या भेटीच्या वेळची वाघनखे ती हीच, असे परंपरेने म्हटले जाते, परंतु ते पडताळून पाहता येत नाही, असे खुद्द संग्रहालयाने नमूद केले आहे. यावर आपल्याकडे वाद झाला. मला त्या वादात शिरायचे नाही. मला एवढेच सुचवायचे आहे, की संग्रहालयात वस्तूइतकीच तिच्याशेजारची चिठ्ठी महत्त्वाची असते. वस्तू कोणी दिली, कोणत्या साली दिली, आणि ‘म्हटले जाते’ हे शब्द कोठे आले, हे वाचणे म्हणजे इतिहास वाचणे. भुयारी रेल्वेच्या नकाशाविषयी वर जे म्हटले तेच येथे लागू आहे : मांडणारा आपल्या सोयीने मांडतो, अंतर आपण मोजायचे असते.

तिसरा दिवस : वाचनालये

तिसऱ्या दिवशी सहलवाले बहुधा खरेदीला सोडतात. ज्याला शक्य असेल त्याने तो दिवस एका विद्यार्थ्याच्या मागोमाग चालण्यात घालवावा. तो विद्यार्थी म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकून आंबेडकर १९१६ मध्ये लंडनला आले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन या दोन्ही ठिकाणी त्यांनी नाव घातले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अर्धवट शिक्षण सोडून त्यांना परतावे लागले. चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी मात्र त्यांनी घेऊन ठेवली होती. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, स्नेह्याने उसने दिले, आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. म्हणजे त्यांना लंडनचे ‘पहिले दिवस’ दोनदा आले. पहिल्यांदा मुदत राजाची होती, दुसऱ्यांदा पैसा स्वतःच्या पोटाला चिमटा घेऊन जमवलेला होता. असा माणूस शहर कसे पाहणार? त्याने वाचनालये पाहिली.

ब्रिटिश म्युझियम १७५९ पासून लोकांना विनामूल्य खुले आहे. प्रवासी तेथे मिसरच्या ममी पाहतो, आपल्या अमरावतीच्या स्तूपाची शिल्पेही तेथे पाहायला मिळतात. त्याच्या मध्यभागी १८५७ मध्ये उघडलेले गोल घुमटाचे वाचनालय आहे. कार्ल मार्क्सने येथे वर्षानुवर्षे बसून वाचले, आणि आंबेडकरांनीही येथे बसून वाचले. व्हाइटहॉलमध्ये, म्हणजे पहिल्या दिवशी आपण ज्या रस्त्याने गेलो त्याच भागात, हिंदुस्थानमंत्र्याची कचेरी आणि तिचे ग्रंथालय होते. तेथेही ते जात. १९२१ मध्ये एम.एस्सी., १९२२ मध्ये बॅरिस्टर आणि १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाबद्दल डी.एस्सी., अशी ही तीन वर्षांची जमा आहे. रुपयाची किंमत कोण ठरवतो आणि त्यात तोटा कोणाचा होतो, हा प्रश्न घेऊन ते त्या कागदांपाशी बसले. रंगो बापूजी ज्या दप्तराच्या दारात अर्ज घेऊन उभे राहिले, त्या दप्तराच्या आत जाऊन आंबेडकरांनी त्याचेच कागद त्याच्यापुढे मांडले. दोघांच्या मधे सत्तर-ऐंशी वर्षे आहेत, आणि माझ्या दृष्टीने मराठी माणसाच्या लंडनचा सगळा इतिहास त्या अंतरात आहे.

ब्रिटिश म्युझियमपासून ग्रेज इन, आणि तेथून लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, ही सारी ठिकाणे पायी होण्यासारखी आहेत. सावरकरांनीही कायद्याचा अभ्यास ग्रेज इनमध्येच केला. १९०६ मध्ये लंडनला आल्यावर ते राहत होते ते इंडिया हाऊस उत्तरेकडे हायगेटला आहे. आंबेडकर १९२१-२२ मध्ये राहत ते १०, किंग हेन्रीज रोड हे घर चॉक फार्म स्थानकाजवळ आहे. महाराष्ट्र शासनाने ते २०१५ साली विकत घेतले व तेथे स्मारक केले. पुढे १९३० मध्ये गोलमेज परिषदेसाठी ते लंडनला गेले तेव्हा ते विद्यार्थी नव्हते, कोट्यवधी अस्पृश्यांचे प्रतिनिधी होते. आणि १९५४ च्या पोटनिवडणुकीत ज्या भंडारा मतदारसंघातून ते उभे राहिले व पराभूत झाले, तो आपलाच मतदारसंघ. गोंदिया जिल्हा तेव्हा वेगळा नव्हता, तो १९९९ मध्ये झाला. हा शेवटचा तपशील आपल्याकडे फारसा कोणी सांगत नाही. तो सांगितला पाहिजे.

तिसऱ्या दिवसाचा शेवट सेंट पँक्रास येथील ब्रिटिश लायब्ररीत व्हावा. कंपनीचे व नंतरच्या हिंदुस्थान कचेरीचे सारे दप्तर आता तेथे आहे. त्याची फडताळे एकापुढे एक लावली तर सुमारे १४ किलोमीटर होतात. हे दप्तर पाहण्यासाठी वाचकाला पैसे पडत नाहीत, नाव नोंदवून ओळखपत्र घ्यावे लागते. आपल्या जिल्ह्याची माहिती एकत्र मिळते ते रसेल यांचे भंडारा गॅझेटियर १९०८ चे आहे, आणि अशी जुनी गॅझेटियरे आता संगणकावरही वाचता येतात. पण गॅझेटियर हा सारांश असतो. तो ज्या कागदांवरून केला जातो त्यांत तलाव कोणी खोदले, जंगलावर हक्क कोणाचे होते, ते कधी आणि कोणत्या हुकुमाने गेले, अशा गोष्टी असतात. आमच्या भागातले गोंड, पोवार, कोहळी, महार, ढीवर यांच्याविषयी तेव्हाच्या अंमलदारांनी जे लिहिले ते बरोबर होते की नाही, हे तपासायला त्यांच्याच नातवंडांपणतवंडांखेरीज योग्य माणूस कोण? नागझिऱ्याच्या जंगलात आमच्या आजोबा-पणजोबांची वहिवाट कशी होती, हा आमच्या गावात आजही चालू असलेला प्रश्न आहे. त्याचे उत्तर नुसत्या आठवणींवर टिकत नाही, कागद लागतो.

म्हणून माझे म्हणणे असे, की लंडनला जाणे ही पैसेवाल्यांची हौस आहे, असे म्हणून आपण तो विषय सोडून देऊ नये. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी शासनाची परदेश शिष्यवृत्ती आहे. आदिवासी आणि इतर मागासवर्गीय विद्यार्थ्यांसाठीही स्वतंत्र योजना आहेत. आपल्या वर्गात किती जणांना त्या माहीत आहेत? प्राध्यापकांनी वर्षातून एक तास त्यांसाठी दिला तरी पुष्कळ होईल. आणि जो जाणार नाही त्यालाही काही करता येण्यासारखे आहे. भंडाऱ्याला, नागपूरला जुनी दप्तरे आहेत, नागपूरला मध्यवर्ती संग्रहालय आहे. लंडनसाठी जी नजर हवी तिचा सराव तेथे होऊ शकतो.

चर्चिलच्या शेजारी गांधी, नेल्सनच्या कोपऱ्यावर हॅवलॉक, मुकुटात कोहिनूर, पोलादी इमारतीखाली कंपनीची कचेरी, ही सगळी ठिकाणे तीन दिवसांत होतात. पाहायला डोळे पुरतात, ओळखायला अभ्यास लागतो. लंडनच्या विमानात बसण्याआधी तो अभ्यास चोरखमाऱ्यात, तिरोड्यात, या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात बसून करता येतो. त्याला पारपत्र लागत नाही.